महाराजांच्या वाटचं चालणं

थोरवडीच्या महाराजांचं पोट आधी दरबारात यायचं, महाराज मागाहून. राजवैद्यांनी रोज पहाटे कोसभर चालायला सांगितलं. पण परसाकडेसुद्धा पालखीतून जाणारा माणूस चालणार कसा?

महाराज म्हणाले, "आमचा जप भटजी करतात, उपास राणीसाहेब करतात. मग आमचं चालणं दुसऱ्यानं केलं तर काय बिघडलं?"

लगेच पालखीवाल्या गोंदा भोयाच्या हातावर पाणी सोडून संकल्प झाला, आणि गोंदा महाराजांच्या नावानं रोज कोसभर चालू लागला.

महिन्यानं महाराजांचा कमरपट्टा आणखी दोन बोटं अपुरा पडला. महाराज भडकले. "हरामखोरानं चालण्यात कसूर केली! पंचवीस फटके मारा!"

गोंदानं पाठ उघडी केली. "आधी एकच मारून बघा, सरकार. माझ्या पाठीवरच्या फटक्याची कळ तुमच्या पाठीत उठली, तर उरलेले चोवीसही मारा. नाही उठली, तर माझ्या चालण्यानं तुमचं पोट कसं उतरेल?"

शिपायानं चाबूक उगारला आणि महाराजांनीच अंग चोरलं. दरबार खुसखुसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे रिकाम्या पालखीमागून महाराज धापा टाकत निघाले.

"गोंदा, अजून किती राहिलं रे?"

"सरकार, आत्ताशी वाड्याचा उंबरा ओलांडलाय."