वाघसाहेब दौऱ्यावर

तीन तास जंगल पालथं घातलं तरी वाघ दिसला नाही, तेव्हा पाठराबेसाहेब जिप्सीत उभे राहून गरजले, "हातपंप खात्याचा बडा अधिकारी आहे मी! पाच मिनिटांत वाघ हजर झाला नाही, तर तुझा गाईडचा बिल्ला गेला म्हणून समज."

गाईड होती वच्छला आत्राम. गावचा बंद हातपंप सुरू व्हावा म्हणून तिनं याच साहेबांच्या कचेरीत अकरा खेपा घातल्या होत्या, पण साहेबांचं दर्शन घडलं ते आज. तिनं चिखलातला ताजा ठसा वाकून न्याहाळला आणि अदबीनं सांगितलं, "वाघसाहेब दौऱ्यावर गेले जी. सोमवारी या."

"दौऱ्यावर? अगं, पंजाचा ठसा तर ताजा आहे!"

"पंखा चालू अन् चष्मा टेबलावर असला, म्हणून साहेब थोडेच आत असतात जी? अर्ज ठेवून जा."

साहेब लालबुंद झाले. "असली उत्तरं तुला शिकवली कोणी?"

"तुमच्याच शिपायानं जी. अकरा वेळा."

मागे बसलेल्या साहेबीणबाईंना हसू आवरेना. "घरीसुद्धा हे दौऱ्यावरच असतात," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात हातपंपाला पाणी आलं. वाघ मात्र अजून दौऱ्यावरच आहे.