विहिरीचा काळा ठिपका

एकदा एका शिष्याने जमिनीला वाचा दिली. निदान त्याचा तरी तसा समज होता. गुरूंच्या डाळिंबाच्या बागेत त्याने मातीची ओल मोजणारा सेन्सर पुरला, उपग्रहाची छायाचित्रे त्याच्या जोडीला दिली आणि विहिरीतली मोटारही त्याच्याच हवाली केली. माती कोरडी झाली की मोटार आपोआप सुरू होणार, ओल पुरेशी झाली की बंद. मधे माणसाची लुडबूड नको, याचा त्याला फार अभिमान होता.

हे पाहायला एक व्यापारी आला होता. त्याला पटले, तर ही व्यवस्था साऱ्या पंचक्रोशीत बसणार होती. वीज दुपारी बाराला यायची आणि बारा वाजतच आले होते. शिष्याने टॅबलेटवर उपग्रहाचे चित्र उघडले.

"हा पिवळा पट्टा पाहा, शेठ. झाडं तहानलेली आहेत. सेन्सरही तेच सांगतोय. आता वीज आली की कुणी बटण न दाबता मोटार सुरू होईल."

व्यापारी मान डोलावत होता. वृद्ध गुरूंचे चित्राकडे लक्षच नव्हते. ते बागेपलीकडच्या विहिरीकडे पाहत होते. काठावरच्या बाभळीला दोर बांधलेला होता आणि फांदीवर बाग सांभाळणाऱ्या लहानूचा लाल सदरा लटकत होता.

गुरूंनी पाहुण्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या उचलला आणि सगळाच्या सगळा सेन्सरच्या बुडाशी ओतला.

पडद्यावरचा आकडा झरझर चढला. तेवढ्यात झोपडीतला दिवा लागला. वीज आली होती. मोटार मात्र गप्प राहिली.

"गुरुजी, हे काय केलंत!" शिष्य संतापला. "शेठपुढे माझं हसं झालं!"

"रागव नंतर. आधी मोटार पूर्ण बंद कर," गुरू म्हणाले, "आणि विहिरीकडे पळ."

शिष्याने टॅबलेटवरून मोटार बंद केली आणि तो धावला. त्याने विहिरीत डोकावले. लहानू छातीभर पाण्यात उभा राहून दोन्ही हातांनी मोटारीची तुटकी केबल जोडत होता.

"लहानू, वर ये! वीज आलीय!"

"येऊ द्या की," लहानू खालून निवांत म्हणाला. "मी चालू केल्याबिगर मोटार चालू व्हतीय व्हय?"

मोटार आता आपोआप सुरू होते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. सांगायचे काम शिष्याचे होते.

लहानू वर आला, तसा शिष्य मागून आलेल्या गुरूंकडे वळला. "तुम्ही तोंडानं का नाही सांगितलंत, गुरुजी?"

"तुला पटेपर्यंत वीज आली असती," गुरू म्हणाले. "तुझं यंत्र फक्त मातीचं ऐकतं, म्हणून मातीतूनच निरोप धाडला. ते खोटं बोललं नाही, बाळा. माती खरंच कोरडी होती. पण विहिरीत कोण आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि तूही पाहिलं नाहीस. मोटार आजवर लहानूच्या हातात होती. ती तू काढून घेतलीस आणि त्याला कळवलंही नाहीस."

शिष्य कामाला लागला. त्याने काठावर मोटारीची वीज तोडणारा, हाताने पाडायचा खटका बसवला, त्याला कुलूप लावले आणि एकुलती एक किल्ली लहानूच्या हाती दिली. खाली उतरणाऱ्याने आधी खटका पाडून कुलूप लावावे आणि किल्ली गळ्यात घालूनच उतरावे, असे ठरले.

काही दिवसांनी व्यापारी पुन्हा आला. उपग्रहाच्या चित्रात हिरव्या बागेच्या कडेला त्याला एक बारीक काळा ठिपका दिसला.

"हे काय आहे?"

"विहीर," शिष्य म्हणाला. "आत कोण आहे, ते यात दिसत नाही, शेठ. तिथं चालत जावं लागतं."