पाच कड्यांची चेन

फार वर्षांपूर्वी एका उंच डोंगराच्या माथ्यावर दूधवाल्यांचं एक गाव होतं, आणि त्या गावातल्या एकाही सायकलीला ब्रेक नव्हता.

त्यांच्या सायकलीच निराळ्या. पायडल थेट मागच्या चाकाला बांधलेलं. चाक फिरेल तोवर पायडल फिरणार, आणि पाय आवळून धरले की चाक थांबणार. पाय आणि चाक यांच्यामध्ये काय, तर फक्त एक चेन. दोन्ही बाजूंना दुधाच्या बरण्या अडकवून माणसं रोज सकाळी घाट उतरत, तेव्हा सगळा जीव त्या चेनवर टांगलेला असे.

चेन म्हटली की झिजणार. झिजली की लांबणार, सैल पडणार. गावानं त्यावर एक उपाय काढला होता. सैल पडली की एक कडी काढायची आणि टोकं पुन्हा जोडून टाकायची. काढलेली कडी फेकायची नाही, दोऱ्यात ओवून देव्हाऱ्यात ठेवायची. ज्या घरी जास्त कड्या, ते घर जास्त मानाचं. सोयरीक जुळवतानासुद्धा म्हातारे विचारत, “किती कड्यांची चेन आहे तुमची?”

गावात सायकली दुरुस्त करणारी एक मिस्तरीण होती. हा मान बघून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

“अहो, चेन एका जागी झिजत नाही, अख्खी झिजते,” ती सांगायची. “एक कडी काढल्यानं बाकीच्या नव्या होतात का? रॉकेलनं धुवा, कोरडी पुसा, कडीकडीवर तेलाचा थेंब सोडा. आणि लांबली की टाकून द्या.”

“टाकून द्या? आज्याची चेन आहे ती!”

“मग आज्याचं धोतर का नाही नेसत? तेही मानाचंच की.”

लोक हसायचे आणि सायकल पुढे करायचे. मिस्तरीण पुटपुटत, दात-ओठ खात, पण शेवटी कडी काढून द्यायचीच. गावाशी वाकडं कोण घेणार?

एका दूधवाल्याची पाचवी कडी तिनंच काढली होती. त्यानंतर महिनाभरानं घाटाच्या तिसऱ्या वळणावर त्याची चेन तुटली. पायडल भिंगरीसारखं गरगरलं, पायांखाली काही उरलंच नाही. दरीकडे जाणारी सायकल त्यानं कशीबशी डोंगराच्या अंगावर घातली. जीव वाचला, मांडीचं हाड मोडलं.

गावानं काय करावं? गावानं त्याचा सत्कार ठेवला.

चावडीसमोर त्याला बाजेवर आणून निजवलं. दूध गोळा करणारा मुकादम उभा राहिला. खालच्या बाजारातून नव्या चेना आणणं हे त्याचं काम, आणि इतक्या वर्षांत एकही आणावी लागली नाही, हे तो अभिमानानं सांगायचा. त्यानं दूधवाल्याच्या गळ्यात हार घातला.

“असा मर्द गडी आपल्या गावात जन्मला!” मुकादम म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दूधवाला वेदनेनं डोळे मिटून पडला होता. ते मानानं भरून आलेले डोळे आहेत, असं लोकांना वाटलं.

मिस्तरीण मागे उभी होती. तिची कानशिलं तापली. राग मुकादमाचा होता, टाळ्यांचा होता, आणि ज्या हातांनी ती पाचवी कडी काढली त्या स्वतःच्या हातांचाही होता.

भाषण संपवून मुकादमानं तुटलेली चेन तिच्यापुढे धरली. “मिस्तरीण, तुटकी कडी काढ आणि ही जोडून दे. सहा कड्यांची होईल! उद्या सकाळी याची बायको दूध घेऊन उतरेल. घरचा मान घरातच राहिला पाहिजे.”

दूधवाल्याची बायको खाली मान घालून उभी होती. नवऱ्याच्या मांडीवरच्या फळ्या तिनंच बांधल्या होत्या.

मिस्तरिणीनं चेन हातात घेतली. क्षणभर लोकांना वाटलं, नेहमीसारखी पुटपुटेल आणि जोडेल. पण ती दुकानात गेली, स्वतःच्या पैशानं आणून ठेवलेली आणि कुणीच न घेतलेली एक कोरी चेन घेऊन आली आणि चावडीच्या खांबावर दोन खिळे ठोकले. एका खिळ्याला नवी टांगली, दुसऱ्याला तुटकी.

“मोजा,” ती म्हणाली. “वरून ऐंशी कड्या इकडे मोजा, ऐंशी तिकडे.”

लोकांनी मोजल्या. ऐंशी कड्यांची जुनी चेन नवीपेक्षा चार बोटं खाली लोंबत होती.

“बघितलंत? आत इतकी कुरतडली गेली आहे ती. तुमच्या देव्हाऱ्यातली प्रत्येक कडी हेच ओरडून सांगत होती, आणि तुम्ही तिला हळद-कुंकू वाहत बसलात! मीही काढून देत बसले. आता नाही. ही मी जोडणार नाही.”

“दुकानाची जागा गावाची आहे,” मुकादम थंडपणे म्हणाला.

“घ्या परत. झाडाखाली बसेन.”

“इतकी वर्षं चाललं ते काय खोटं?”

“इतकी वर्षं पाय कुणाचे मोडले, ते सांगा!”

मुकादमानं तिला बाजूला सारलं आणि लोहाराकरवी चेन जोडून घेतली. सकाळी सायकल घाटाच्या तोंडाशी उभी राहिली, बरण्या काठोकाठ भरलेल्या. दूधवाल्याच्या बायकोनं पदर खोचला. अख्खं गाव बघायला आलं होतं.

मिस्तरीण चाकासमोर आडवी आली. “चेन चांगली आहे ना, मुकादम?”

“एकदम पक्की.”

“मग आज तुम्ही न्या. फक्त तिसऱ्या वळणापर्यंत. तिथून पुढे ही नेईल, आणि मी तुमच्या पाया पडेन.”

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसेना. दूधवाल्याच्या बायकोनं मान वर केली आणि सायकलीची मूठ मुकादमापुढे धरली. “घ्या,” ती म्हणाली.

मुकादमानं मूठ धरली. एक पाय पायडलवर ठेवला. त्याची नजर घाटावर गेली, मग चेनवर आली. तो वाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ती चेन बोटांनी चाचपली, एकेक कडी करत, आणि जोडाशी येऊन तो थांबला.

वारा सुटला होता. बरण्यांची झाकणं वाजत होती. लोक वाट पाहत होते.

मुकादमानं पाय खाली घेतला.

त्या दिवशी गावातलं थेंबभरही दूध सायकलीवरून उतरलं नाही. माणसांनी बरण्या डोक्यावर घेतल्या आणि पायी घाट उतरला. सर्वांत पुढे मुकादम होता, कारण नव्या चेना आणायचं काम त्याचं होतं आणि दूधवाल्याची बायको त्याच्या पाठीमागेच चालत होती.

तात्पर्य: जी चेन आपण स्वतःच्या पायाखाली घेणार नाही, ती दुसऱ्याच्या पायाखाली देणं हा गुन्हा आहे, आणि पडलेल्याच्या गळ्यात हार घातल्यानं तो गुन्हा झाकला जात नाही.