जागी कोय

"...पण थांबवता तर येईल ना, माई? निदान दिवाळीपर्यंत?"

 माई ओट्यावर बसून फणसाच्या आठळ्या निवडत होत्या. डोंगराच्या कुशीतला तो छोटा मठ, मागे उतरणीवर रोपांच्या रांगा, आणि ऐंशीच्या घरातल्या या भिकूमाई. पंचक्रोशीत कुणाला आंब्या-फणसाचं रोप हवं असलं की माणसं इथेच येत. श्रीरंग कोलतेंना मात्र रोप नको होतं.

"मी साधा माणूस नाही, माई," ते म्हणाले. "म्हणजे... या कामातला आहे. पुण्याला आमचं बियाण्यांचं कोठार आहे. तीस वर्षं मी ते सांभाळलं. सत्तावीस वर्षांपूर्वीचं भात मी उगवून दाखवलंय. सगळी खोली टाळ्या वाजवत होती."

"कसं ठेवलं होतं?"

"सुकवून. पार कोरडं करून. मग हवाबंद पाकिटात, उणे वीस अंशाला."

"हं," माई म्हणाल्या. "आणि ह्या?"

श्रीरंगांनी मांडीवरचा डबा उघडला. ओल्या काथ्याच्या भुशात तीन कोयी होत्या. चोखून चोखून धागे पांढरे पडलेल्या, रायवळ आंब्याच्या लहानशा कोयी. एकीच्या टोकातून बोटाच्या पेराएवढं मूळ बाहेर आलं होतं.

"आठ होत्या," ते म्हणाले. "चार मी भातासारख्याच सुकवल्या आणि थंडीत ठेवल्या. आठ दिवसांनी एक फोडून पाहिली, तर आत करडी राख. मग बाकीच्या फोडल्या. त्याही तशाच. या चार ओल्या ठेवल्या. त्यातली एक कुजली. आणि ह्या..." त्यांनी त्या मुळाकडे बोट केलं. "ह्या ऐकत नाहीत."

"भात कोरडं झालं की झोपतं," माई म्हणाल्या. "आंबा झोपत नाही. फणस नाही, जांभूळ नाही. ही बियाणी झाडावरून पडतात तीच जागी. वाळवलीस की मेली. गारठवलीस की मेली."

"मला ठाऊक आहे ते."

"ठाऊक होतं, तरी चार वाळवल्यास?"

 गेल्या पाच आठवड्यांत श्रीरंगांनी हा प्रश्न स्वतःलाही विचारला नव्हता. ज्ञान होतं, वह्या होत्या, हाताखाली माणसं होती. आणि तरीही त्या दिवशी हात आपोआप कोठाराच्या दाराकडे गेले होते. दुसरं काही करायला ते हात शिकलेच नव्हते.

"कुणाच्या?" माईंनी विचारलं.

"कुमुदच्या. माझ्या बायकोच्या."

...

"तिला माहेरच्या झाडाचा आंबा हवा होता," ते म्हणाले. "इथूनच दोन डोंगर पलीकडे, आडिवल्याला. डॉक्टरांनी हात टेकले होते. म्हटलं, आणतो. पहाटे निघालो, दुसऱ्या दिवशी टोपलीभर घेऊन परतलो. चार दिवस तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं माई, पण तिने आठ आंबे खाल्ले. कोपरापर्यंत रस. कोयी अशा चोखल्या, की मीच म्हटलं, पुरे. तर हसली."

त्यांनी डब्यातली एक कोय नुसत्या बोटाने सरळ केली.

"त्यानंतर बाराव्या दिवशी गेली. झाडही राहिलं नाही. रस्ता रुंद करताना पाडलं."

"मग लाव की. रोज कितीतरी लोक इथून रोपं नेऊन लावतात."

"लावली की कोय संपली!" श्रीरंगांचा आवाज एकदम चढला. "फुटणार, सडणार, मातीत जाणार. ही तिच्या तोंडातली आहे. हिच्यावर तिचे दात लागलेत. मला झाड नकोय, माई. मला... ही अशीच हवी आहे. मुलगी परदेशातून दिवाळीत येईल. तिलाही एकदा हातात द्यायची आहे."

माईंनी पदराला हात पुसले. कोनाड्यातला लहान कोयता घेतला. श्रीरंगांना काही कळायच्या आत त्यांनी डब्यातली दुसरी कोय उचलली. हिला मूळ फुटलेलं दिसत नव्हतं. त्यांनी कडेला कोयत्याचं टोक घातलं आणि पीळ दिला.

"अहो, काय करताय!"

टरफल उघडलं. आत हिरवट पांढरा गर होता, ओला, तुकतुकीत. आणि त्याच्याभोवती एक मूळ गुंडाळलेलं होतं. बाहेर यायला वाट सापडली नव्हती, म्हणून ते आतल्या आत वळसे घेत राहिलं होतं. दीड वळसा झाला होता.

"हात लाव," माई म्हणाल्या.

श्रीरंगांनी लावला नाही.

"लाव रे बाबा."

त्यांनी एक बोट टेकवलं. मुळाचं टोक इतकं कोवळं होतं की त्यांनी श्वास रोखला. हजारो बियाणी त्यांनी चिमट्याने उचलली होती, भिंगाखाली पाहिली होती, टक्केवारीत लिहिली होती. असा हात कधी लावला नव्हता.

"कोयी चोखून झाल्यावर तिने काय केलं त्यांचं?" माईंनी विचारलं.

"ताटात ठेवल्या."

"आणि?"

"आणि काय... ठेवल्या."

माई थांबून राहिल्या. खाली उतरणीवर कुणीतरी गाईला हाका मारत होतं. त्या हाका थांबल्या.

"म्हणाली..." श्रीरंगांनी मुळावरचं बोट काढून घेतलं. "म्हणाली, टाका मागे कुठेतरी. एखादी रुजेल."

हे त्यांनी मुलीला सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं. आंबे खाऊन कुमुदला झोप लागल्यावर ते ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले, कोयी धुतल्या, आणि चार-चारचे दोन भाग करून त्यावर तारीख घातली.

माईंनी ती उघडी कोय त्यांच्या तळहातावर ठेवली.

"पिशवीत लावायची की जमिनीत?"

"पिशवीत. पुण्याला नेईन."

"तिथे कुठे?"

"चौथ्या मजल्यावर राहतो. बाल्कनी आहे..."

 श्रीरंगांनी तळहाताकडे पाहिलं, मग उतरणीकडे.

"जमिनीत," ते म्हणाले.

विहिरीच्या वरच्या अंगाला माईंनी जागा दाखवली. पावसाने उघडीप दिली होती. माती भुसभुशीत होती. माईंनी खुरपं पुढे केलं, पण श्रीरंगांनी ते बाजूला ठेवलं आणि हातांनीच उकरायला सुरुवात केली. गुडघे टेकले. साठी उलटलेल्या कमरेतून कळ आली.

"कोयीची पाठ वर ठेव," माई म्हणाल्या. "आणि ते मूळ सरळ करायला जाऊ नकोस. मोडेल. त्याचं ते बघेल."

पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी हातात घेऊन ते बराच वेळ तसेच बसले. हिच्यावरचे धागे एका बाजूला जास्त विरळ होते. कुमुदच्या डाव्या दाढा दुखायच्या, ती उजवीकडूनच चावायची. इतक्या दिवसांत हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

माईंनी घाई केली नाही.

शेवटी त्यांनी तीही ठेवली आणि वर माती ओढली. मुठीने नाही, चिमटी चिमटीने.

"किती वर्षांनी धरेल?"

"आठ. दहाही लागतील."

"मी असेन नसेन." ते किंचित हसले. "आणि आंबा तोच येणार नाही. बियाचं झाड आहे. गोड निघेल, आंबट निघेल, कुणी सांगावं. आडिवल्याचा तो आंबा काही परत येत नाही."

"नाही येत," माई म्हणाल्या.

त्यांना वाटलं होतं, माई काहीतरी समजूत घालतील.

ते उठले. डब्यात आता नुसता भुसा होता. त्यांनी तो त्या जागेवरच झटकला, झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग विहिरीजवळच्या दगडी दोणीकडे गेले. नखांत माती भरली होती. तळव्यांवर ओली तांबडी पुटं चढली होती. पाण्यात हात घालायला ते वाकले आणि तसेच थांबले.

"माई," वळून न पाहताच त्यांनी विचारलं, "मग माझ्याजवळ राहिलं काय?"

माई खुरपं उचलून ओट्याकडे निघाल्या होत्या. जाता जाता त्या म्हणाल्या,

"एवढ्यात हात धुऊ नकोस."