भिवरा मागं हाय

फार फार वर्षांमागची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका, कारण ज्यांनी मला सांगितली त्यांच्या पणज्यालाही ते ठाऊक नव्हतं. सह्याद्रीच्या पायथ्याला, कोकणच्या अंगाला, करंजखोरं नावाचं गाव होतं. गावाच्या तिन्ही बाजूंना उभे कडे. वर घाटमाथ्यावर जायला एकच वाट, तिचं नाव थोरली नाळ. दोन कड्यांमधली उभी घळ, घरांएवढाल्या धोंड्यांनी भरलेली. चढताना मान वर केली तर डोक्यावरचं पागोटं मागे पडायचं, असं म्हणतात.

त्या गावात भिवरा नावाची बाई राहत होती. काटक अंगाची, लुगडं गुडघ्यावर खोचलेली, हातात जाडजूड काठी. ती वाटाडी होती. आता वाटाड्यानं पुढे चालायचं आणि बाकीच्यांनी मागे, ही साऱ्या जगाची रीत. भिवराची रीत उलटी! ती सगळ्यांच्या मागून चालायची. आणि पुढे कोण? तर त्या मेळ्यात जो सगळ्यांत भित्रा असेल तो!

लोक हसायचे. भिवरा म्हणायची, "धीट मानूस पुढं घातला, की भित्र्याला त्येची पाठ तेवढी दिसती. वाट कवा दिसायची?"

भातकापणी उरकली, की गावातल्या घाबरटांना गोळा करून ती डोंगरात मुक्कामाला न्यायची. कुणी वाघाला भ्यायलेला असे, कुणी कड्याला, कुणी नुसत्या अंधाराला. जाताना ती एकच सांगायची: मागून काठीची ठकठक ऐकू येतेय ना? मग मागे वळायचं नाही. ठकठक आहे, म्हणजे भिवरा मागं हाय.

आणि ऐका बरं, गावात सगळ्यांत भित्रं माणूस कोण होतं? पवळा! पवळा देशावरची, सपाट मुलखातली. तिच्या माहेरी सगळ्यांत उंच म्हणजे खळ्यावरची कडब्याची गंजी. लग्न होऊन निघाली आणि नाळेच्या तोंडाशी आल्यावर खाली पाहून तिनं असा काही हंबरडा फोडला, की वरातीतले बैल बुजले. शेवटी थोरल्या दिरानं तिच्या डोळ्यांना पदर बांधला आणि तिला पाठीवर घेऊन नाळ उतरवली. दिराच्या पाठीत तेव्हा जी चमक भरली ती जन्मभर गेली नाही. त्या दिवसापासून गाव तिला 'पाठीवरची सून' म्हणू लागलं. पाणवठ्यावर बाया चिडवायच्या, पवळाही हसायची, पण घरी येऊन रडायची. कारण माहेर त्या नाळेच्या वर होतं, आणि लग्नानंतर ती एकदाही माहेरी गेली नव्हती.

एके दिवशी घाट उतरून निरोप आला. पवळाच्या आईची दृष्टी चालली होती. एक डोळा गेला, दुसरा अंधुक झाला. आई म्हणत होती, "दिसतंय तवर माझी पवळा एकदा दाखवा."

पवळानं दिराकडे पाहिलं. दिरानं पाठीला हात लावला आणि मान खाली घातली. पवळा उठली ती थेट भिवराच्या दारात गेली.

"मावशी, मला नाळ चढवा."

"मी कुनाला चढवीत न्हाय," भिवरा म्हणाली. "तू चढ. मी मागं येते."

लगेच नाळ नव्हे हं! आधी खालच्या पठारावर मुक्काम. सोबत सटवा कुंभार होता. मिशा अशा भरघोस, की पाहणाऱ्याला वाटावं हा वाघाशी झुंजेल. पण वानर खाकरलं तरी सटवा दुसऱ्याच्या पाठीमागे लपे. त्या पठारावर ज्यानं त्यानं आपली चूल आपण मांडायची, आपली भाकरी आपण थापायची. पवळाची भाकरी वरून करपली, आतून कच्ची राहिली. भिवरानं ती कडाकडा चावून खाल्ली आणि "झ्याक!" म्हणाली. मग दोघांना लांब लांब बसवून तिनं कुकारा घालायला शिकवलं. पोटातून हाक काढायची, "कूऽऽ!" आणि पलीकडून ओ येईपर्यंत जागचं हलायचं नाही. पवळाचा पहिला कुकारा शेजारच्या बेडकालाही ऐकू गेला नाही. दुसऱ्या सकाळी मात्र तिनं असा घातला, की खाली गावातली कुत्री भुंकायला लागली!

पुढचा मुक्काम रानात, वर. पवळा पुढे, सटवा मधे, मागे ठकठक. एका जागी वाटेला दोन फाटे फुटले, एक रुंद मळलेला, एक अरुंद धोंड्यांचा. पवळानं रुंद वाट धरली. धरणारच! देशावर गुरांची वाट धरली, की माणूस सांजेला गावात पोचतो. पण डोंगरातली ढोरवाट गवतापाशी जाते, आणि गवत संपलं की तिथेच संपते. चालता चालता पवळा थबकली. पुढे वाट नव्हती, कडा होता, आणि खाली घारी उडत होत्या.

"मावशी! ठावं होतं तर सांगितलं का न्हाय?"

भिवरा खाली बसली, कांदा फोडला, दोघांना दिला. "खा आधी. वाट चुकली म्हंजे मानूस मेलं न्हाय. कुटं चुकली तिथवर मागं फिरायचं, बास."

पवळानं कड्याच्या काठावर बसून कांदा-भाकरी खाल्ली. मग ती फाट्यापर्यंत परत आली आणि खाली वाकून नीट पाहिलं. अरुंद वाटेवरचे धोंडे मधोमध गुळगुळीत झाले होते. कैक पिढ्यांच्या पायांनी ते घासले होते. पवळानं त्यांवरून हात फिरवला आणि पुढे झाली.

मग उजाडला नाळेचा दिवस. ती अर्ध्यावर चढली असेल नसेल, तोच खालून धुकं आलं. अहो, धुकं म्हणजे किती! स्वतःचा हात नाकाशी नेला तर नाकाला कळे, डोळ्यांना कळत नसे, असं म्हणतात. सटवानं पवळाचा पदर घट्ट धरला.

"वैनी, माघारी चला! देवाशप्पत, माघारी चला!"

पवळाला दिराची पाठ आठवली, बांधलेले डोळे आठवले. मग आईचा तो एक अंधुक डोळा आठवला. धुकं तिला एक दिवस घेरून होतं, आईला ते जन्माचं घेरायला आलं होतं.

"भावजी, मागं ठकठक हाय का?"

सटवानं कान दिला. "हाय!"

"मग चला!"

ती खाली बसली आणि हातांनी धोंडे चाचपू लागली. खरखरीत लागला की सोडायचा, गुळगुळीत लागला की चढायचं. एकदा हाताला शेण लागलं, म्हणजे ही ढोरवाट! तशी ती स्वतःशीच हसली आणि वाट चुकली होती तिथवर मागे फिरली. धोंड्यामागून धोंडा, धोंड्यामागून धोंडा! गुडघे फुटले, बांगड्या फुटल्या, आणि एकाएकी तोंडावर ऊन आलं. पुढे चढच नव्हता. माथा! दूरवर सपाट, सोनेरी, तिच्या माहेरचा मुलूख पसरला होता. पवळा नाचली. सटवाही नाचला, मिशांसकट!

तेव्हा कुठे दोघांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

पवळानं नाळेच्या तोंडाशी उभं राहून कुकारा घातला. आणि ओ आली ती कुठून? अगदी तळातून, जिथून त्यांनी चढायला सुरुवात केली होती तिथून! भिवरा पहिल्या धोंड्यावरच बसून राहिली होती. कुणी म्हणतात तिचा पाय मुरगळला, कुणी म्हणतात मुद्दाम बसली. मग सटवाच्या मागे ठकठक कुणाची होती? पुढे लोकांनी भिवराला खोदून खोदून विचारलं. ती म्हणायची, "मी मागंच व्हते की!"

पवळा माहेरी पोचली तेव्हा आई अंगणात बसली होती. लेकीचा आवाज ऐकून तिनं विचारलं, "कुनाच्या पाठीवर आलीस गं?"

"माझ्या पायांनी आले, आये."

आईनं तिला उन्हात उभं केलं, तोंड दोन्ही हातांत धरलं आणि त्या एका डोळ्यानं पाहतच राहिली. केवढा आनंद तो! पुढल्या वर्षी तो डोळाही गेला. पण पवळा दर वर्षी नाळ चढून जात राहिली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आई सांगत राहिली, की माझी लेक कशी दिसते ते मला विचारा.

भिवरा म्हातारी झाली तरी तिनं मागून चालायचं सोडलं नाही. असंच एकदा भित्र्यांचा मेळा नाळ चढून गेला आणि माथ्यावर कुकारा घातला, तर खालून ओ आली नाही. लोकांनी धोंडानधोंडा पालथा घातला. भिवरा सापडली नाही, काठीही सापडली नाही. पण धुकं असलं, की शेवटच्या माणसाच्या मागे ठकठक अजून ऐकू येते, असं म्हणतात.

आता गाडीरस्ता झालाय. तरी करंजखोऱ्यात लग्न झालं, की वरात नाळेच्या माथ्यावर थांबते. वाजंत्री गप्प होतात. नवरा, दीर, सासरा, सगळी वरात बाजूला सरते, आणि नवी सून, मग ती कुठल्याही मुलखातली असो, सगळ्यांच्या पुढे होऊन नाळ उतरायला लागते. ती दोनदा चुकते, चारदा थांबते. कुणी हात देत नाही, कुणी वाट दाखवत नाही. सासू तेवढी मागून म्हणते, "चाल गं पोरी, भिवरा मागं हाय." आणि सून गावात पाय ठेवेपर्यंत कुणी स्वागताला हळदीचं बोटही पुढे करत नाही.