फणसाखालची जागा

“मग फणसच तोडून टाकू का?”

टेमकर मास्तरांनी हे विचारलं तेव्हा मठ सांभाळणाऱ्या म्हाळसाआई पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. मी तिथल्याच विहिरीवर पाणी शेंदत होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

मास्तर म्हणजे अर्ध्या गावाला शिकवलेला माणूस. प्रश्न विचारतानाही समोरच्याचं उत्तर तपासायला बसल्यासारखे. आई शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. पण झाडाझुडपांचं काही अडलं की सगळे मठाची टेकडी चढतात, मास्तरही शेवटी चढले.

त्यांची बायको द्वारकाबाई मार्गशीर्षात गेली. वर्षश्राद्धाच्या आत परसात तिच्या नावानं बाग उठवायची, हा त्यांचा हट्ट. गुलाब लावले, जळले. शेवंती लावली, कुजली. मोगऱ्याला तर पुस्तकात बघून खत घातलं, त्याला एक कळी धरेल तर शपथ. सगळा दोष फणसाच्या सावलीचा. लाकूडतोड्याला सोमवारी यायला सांगितलं होतं.

“आधी तिथे काय होतं?” आईंनी विचारलं.

काही नाही, म्हणाले. हिची हळद होती, थोडं अळू. ही गेली आणि महिन्याभरात हळदीची पानं पिवळी पडून वाळली. तिच्यामागे तीही मेली असं समजून त्यांनी सगळी खणून काढली आणि व्हाळाच्या पाण्यात फेकून दिली.

आईंचा हात तांदळात थांबला.

पौषात हळदीची पानं वाळतातच हो. गड्डा खाली जिवंत असतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला बोलायचं होतं, पण आईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी मुकाट्यानं पोहरा विहिरीत सोडला.

त्यांनी मास्तरांना ओंजळभर पांढरे खडे दिले. म्हणाल्या, उद्या दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत परसात बसा. ऊन जिथे जिथे पडेल तिथे खडा ठेवा. संध्याकाळी जिथे खडा नसेल ती खरी सावली. कुठे काय लावायचं ते मग ठरवू.

“दिवसभर बसू? नुसता?”

“नुसते.”

मास्तरांना ते पटलं नव्हतं, पण खडे खिशात घालून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी परत आले. हातात कागद, त्यावर शिसपेन्सिलीनं काढलेला परसाचा नकाशा. सवय जाते कुठे? पण चेहरा उतरलेला होता.

नकाशावर बोट ठेवून सांगू लागले. सकाळचं ऊन तुळशीपाशी. दहाच्या सुमाराला विहिरीच्या कठड्याला. दुपारी धुण्याच्या दगडावर. उतरतं ऊन गोठ्याच्या भिंतीला.

बोट फणसाच्या बुंध्यापाशी आलं आणि थांबलं.

“इथे एकही खडा नाही. हातभर जागा. जमीन तेवढीच गुळगुळीत झालीय... आणि बुंध्यामागे तिचा पाट उभा करून ठेवलेला. मी तो घरभर शोधत होतो.”



मास्तर बोलत राहिले. ती दुपारी तिथे बसून भाजी निवडायची. रोज हाक मारायची, जरा इथे येऊन बसा, किती गार आहे बघा. मी वह्या तपासत असायचो.

“आणि रिटायर झाल्यावर?” आईंनी विचारलं.

“रिटायर झाल्यावर...” त्यांनी नकाशाची घडी घातली, पुन्हा उलगडली. “पेपर वाचायचो.”

मी पाणी ओढायचं थांबवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू.

“चाळीस वर्षं, आई. काल पहिल्यांदा बसलो तिथे. खरंच गार आहे.”



मग मास्तरांनी डोळे पुसले आणि घसा खाकरला. लाकूडतोड्याला नको म्हणून कळवलंय, म्हणाले. फावड्यातून सुटलेला हळदीचा एक कोंब त्या जागेच्या कडेला वर आलाय, तेवढाच. आता बाकी काय लावू ते सांगा.

आईंनी सांगितलं. कोंबाला हात लावू नका. मठातले हळदीचे चार गड्डे देते, ते त्याच्या आजूबाजूला लावा. विहिरीचं पाणी जातं तिकडे अळू. फणसावर मिरवेल चढवा, घरची मिरी होईल. धुण्याच्या दगडाकडे थोडं ऊन आहे, तिथे सोनटक्का येईल. नेचे आपले आपण उगवतील. गुलाबाचा नाद सोडा.

मास्तरांनी सगळं नकाशावर लिहून घेतलं, त्या त्या जागी. फणसाच्या बुंध्यापाशी मात्र पेन्सिल टेकवून बसून राहिले.

“आणि इथे काय लावू? हातभर जागेत?”

आई उठल्या. बसायचा पाट पदरानं पुसला. मी मठात आल्यापासून त्यांना दुसऱ्या कशावर बसलेलं बघितलं नव्हतं. तो त्यांनी मास्तरांच्या हातात दिला आणि स्वतः जमिनीवर बसल्या.

मास्तर गोंधळले. “पाट आहे तिथे, आई. तिचा आहे ना.”

“तो तिचा,” आई म्हणाल्या. “हा शेजारी मांडा.”