परदेशी निघालेले पार्सल

एका पेठेत एकदा एक तरुण भर दुपारी दुकानाच्या पायऱ्या उतरला, तो थेट नदीकाठच्या पाठशाळेत येऊनच थांबला. त्याचे नाव यदुनाथ. याच पाठशाळेत तो लहानाचा मोठा झाला होता आणि आता तांब्यापितळेच्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडे पत्रव्यवहार सांभाळत होता. वृद्ध आचार्य नुकतेच वामकुक्षी आटोपून ओसरीवर बसले होते. त्यांना वाकून नमस्कार करण्याचेही भान यदुनाथाला राहिले नाही.

"गुरुजी, मोठ्या पेचात सापडलो आहे," तो धापा टाकत म्हणाला. "आज एक तर माझी नोकरी जाईल, नाहीतर मला खोटे लिहावे लागेल."

"आधी पाणी पी," आचार्य म्हणाले. "मग सांग."

हकिगत अशी होती. शेठजींचा थोरला मुलगा बायकोमुलांसह परदेशात राहत होता. दरवर्षी दिवाळीपूर्वी घरचा फराळ त्याला टपालाने जात असे. यंदा तिकडच्या नातवाने फोनवर हट्ट धरला, "आजोबा, फटाके पाठवा. इथे मिळत नाहीत." आजोबा विरघळले आणि शब्द देऊन बसले. परदेशी जाणाऱ्या पार्सलात काय घालू नये, ते टपाल कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते. त्यात शोभेची दारू पहिलीच होती. शेठजींनी ते एकदा सोडून दोनदा वाचले, आणि घरी येऊन यदुनाथाच्या देखत चिवड्याच्या डब्यात तळाशी फुलबाज्या, भुईनळे आणि लवंगी फटाक्यांची माळ ठेवली. त्यावर कागद अंथरला, कागदावर चिवडा भरला. मग सगळा फराळ एका खोक्यात घालून त्यांनी ते मांजरपाटाच्या जाड कापडात शिवून घेतले.

"ते खोके माझ्यासमोर ठेवून म्हणाले, आत फराळ आहे असे लिही आणि माझ्या वतीने सही करून टाक," यदुनाथ म्हणाला. "मी जेवून येतो म्हणून सटकलो. गुरुजी, मी नाही म्हटले तर ते मला काढून टाकतील. सही करायला दुसरा कारकून तयारच आहे. पण मग निदान माझ्या माथी तरी दोष येणार नाही. मी काय करू? आपण सांगाल ते करतो."

आचार्यांनी सही कर असे म्हटले नाही, करू नको असेही म्हटले नाही. "पार्सल अजून दुकानातच आहे ना?" एवढेच त्यांनी विचारले, आणि खांद्यावर उपरणे टाकून ते चालू लागले.

वाटेत यदुनाथाने दोन वेळा बोलायचा प्रयत्न केला. आचार्य झपझप पुढे चालत राहिले.

शेठजींचे दुकान पुढे आणि घर मागे, अशी रचना होती. आचार्यांना पाहून शेठजी गादीवरून उठले, त्यांनी आसन दिले. मांजरपाटात शिवलेले पार्सल तिथेच, गादीशेजारी होते.

"शेठजी," आचार्य म्हणाले, "यदुनाथाच्या मनात या पार्सलाविषयी शंका आहे."

शेठजींनी यदुनाथाकडे असे काही पाहिले, की त्याची नजर आपोआप जमिनीकडे गेली.

"शंका कसली, गुरुजी? घरचा फराळ आहे."

"धोक्याचे काही नाही ना?"

"कसला धोका!" शेठजींचा आवाज चढला. "भिंतीवर लिहिणाऱ्यांचे काय जाते? लिहायचे म्हणून लिहितात. एवढे मोठे विमान, त्यात माझे एवढेसे खोके. कोणाला काय होणार आहे?"

"आपण एवढ्या खात्रीने सांगता, तर प्रश्नच मिटला," आचार्य शांतपणे म्हणाले. "सही मी करतो. यदुनाथाला मोकळे करा. माझी एकच अट आहे. टपालाची गाडी येईपर्यंत हे पार्सल मी सांगेन तिथे राहील."

यदुनाथाने चमकून वर पाहिले. ज्यांनी आयुष्यभर सत्य शिकवले, तेच आचार्य सगळे ठाऊक असताना सही करायला निघाले होते!

शेठजींचा चेहरा मात्र उजळला. "हवे तिथे ठेवा. माझी काही हरकत नाही."

आचार्यांनी पार्सल दोन्ही हातांनी उचलले आणि ते घरात शिरले. शेठजींची मुलगी सुलभा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. माजघराला लागून असलेल्या खोलीत तिची खाट होती, पाळणा होता, आणि पाळण्याच्या जवळच शेकासाठी निखाऱ्यांची शेगडी ठेवली होती. ओव्याच्या धुरीचा वास माजघरापर्यंत येत होता.

"सुलभा," आचार्यांनी बाहेरूनच विचारले, "बाळ झोपले का ग?"

"आत्ताच डोळा लागलाय, गुरुजी."

"एक पार्सल थोडा वेळ ठेवायचे आहे. पाळण्याखाली, शेगडीच्या अंगाला जागा आहे का?"

"आहे की. ठेवा ना," आतून आवाज आला. तिला काहीच ठाऊक नव्हते.

मागून येणारे शेठजी जागीच थबकले. "तिथे कशाला, गुरुजी? कोपऱ्यात ठेवा. देवघरात ठेवा."

"का बरे? फराळच आहे ना?"

आचार्य एक पाऊल पुढे गेले. आत काय आहे ते आचार्यांना यदुनाथानेच सांगितले होते. तरी ते निखाऱ्यांकडे चालले होते! ओरडावे, आडवे जावे असे त्याच्या मनात आले. पण गुरूंना आडवे कसे जायचे, या विचाराने त्याचे पाय उचलेनात. माजघराच्या दारात दुसरा कारकून आणि घरच्या दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. शेठजींनी सगळ्यांदेखत कबूल करायचे म्हणजे त्यांची अब्रू जाणार, आणि गप्प राहायचे तर...

आचार्य उंबऱ्याशी पोहोचले. आत एक निखारा तडतडला. बाळ झोपेतच दचकले आणि पुन्हा शांत झाले.

"नको!" शेठजी किंचाळले. त्यांनी झेप घेऊन पार्सल हिसकावले आणि छातीशी धरून ते मागच्या अंगणात धावत सुटले. पार विहिरीपाशी जाऊन त्यांनी ते खाली ठेवले. "त्यात दारू आहे! शोभेची दारू! नातवासाठी फटाके आहेत!"

आचार्य सावकाश अंगणात आले. आता शेठजींच्या भीतीची जागा रागाने घेतली.

"तुम्हाला हे ठाऊक होते! ठाऊक असून माझ्या तान्ह्या नातीजवळ नेत होता?"

"तो उंबरा मी ओलांडला नसता, शेठजी," आचार्य म्हणाले. "पण आपल्याला त्याची खात्री नव्हती, आणि आपण धावलात. मला तेच हवे होते. आपल्याला त्रास दिला, त्याची क्षमा करा. आता माझे थोडे ऐका. विमानात खाली पार्सले रचतात आणि वर माणसे बसतात. त्यांच्यातही एखादी बाळंतीण माहेराहून परत निघालेली असेल, तिच्या मांडीवर असेच एखादे मूल झोपलेले असेल. इथले मूल आपले आहे. त्याच्यासाठी आपल्याला कोणत्याही नियमाची गरज पडली नाही, आपले पाय आपोआप धावले. त्या मुलाचे मात्र आपल्याला नावही ठाऊक नाही. त्याच्यासाठी आपण धावणार नाही. आणि आपण धावणार नाही, म्हणूनच कोणाला तरी ते भिंतीवर लिहून ठेवावे लागते."

शेठजी विहिरीच्या कठड्यावर बसले. ते म्हणाले, "मी पोराला शब्द दिला होता, हो."

यदुनाथाचा जीव आता भांड्यात पडला होता. तो आचार्यांजवळ जाऊन हळूच म्हणाला, "गुरुजी, वाचलो. मला सही करावी लागली नाही."

आचार्यांनी त्याच्याकडे पाहिले. "तू सही केली नसतीस, तर ते पार्सल थांबले असते का?"

"नाही. दुसऱ्याने केली असती."

"मग तुझे काय झाले असते?"

"माझ्या माथी दोष आला नसता," यदुनाथ बोलून गेला, आणि त्याचे त्यालाच ते शब्द ऐकू आले. दुपारी पाठशाळेकडे धावताना त्याने आपल्या नोकरीचा विचार केला होता, पापपुण्याचाही केला होता. विमानात बसणारा एकही माणूस त्याच्या मनात आला नव्हता. त्याने मान खाली घातली. आचार्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ते पाठशाळेकडे निघून गेले.

शेठजींनी स्वतः शिवण उसवली. फटाके पाण्याच्या बादलीत बुडवले. मग तिथे अंगणातच उभे राहून त्यांनी नातवाला फोन लावला. "बाळा, फटाके येणार नाहीत... हो, मीच म्हटले होते... अरे, तुमच्याकडे येणाऱ्या त्या विमानात पुष्कळ मुले असतात, म्हणून." पलीकडून रडण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. शेठजी क्षणभर हातातल्या फोनकडे पाहत राहिले. पुन्हा फोन करावा असे त्यांना वाटले. पण त्यांनी केला नाही.

खोके नव्याने भरायला घेतले. शेठजी एकेक जिन्नस आत ठेवत होते आणि यदुनाथ लिहून घेत होता. चकल्या, अनारसे, करंज्या, नव्या डब्यातला चिवडा. शेवटी शेठजींनी कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी उचलली. मुलाला हे लोणचे फार आवडे. झाकणाच्या कडेला तेलाचा बारीक ओघळ आला होता.

यदुनाथाची लेखणी थांबली. सकाळी त्याला हे विचारण्याचा धीर झाला नसता, सुचलेही नसते.

"शेठजी, ही वाटेत गळली तर? शेजारच्या पार्सलात कोणाचे काय असेल?"

शेठजींनी बरणी उजेडात धरून निरखून पाहिली.

"कोण जाणे," ते म्हणाले, आणि त्यांनी ती बाजूला ठेवली.